पाहिले, बराबर आहे

दिनांक ३० जून २००४, बुधवार. रक्कम सहाशे एक रुपये. हजर : मुख्याध्यापक, मला धरून बारा शिक्षक आणि शिपाईमामा. शिक्षकांचे पन्नास-पन्नास आणि मामांचा एक रुपया, असे ते सहाशे एक; हार-नारळ मुख्याध्यापकांचा. उरलेले अकरा शिक्षक आणि संस्थेचे सेक्रेटरीसाहेब आले नाहीत.

कार्यक्रम आमच्या शाळेच्या हेडक्लार्कच्या निवृत्तीचा होता. शाळा कळमनुरी तालुक्यातली, खाजगी संस्थेची, अनुदानित. हेडक्लार्कला आम्ही सगळे बडेबाबू म्हणायचो. त्यांनी हार घालून घेतला, नारळ घेतला. पाकीट मात्र हातात उलटंपालटं करून पाहिलं आणि मला म्हणाले, "सर, हे चिकटवलेलं न्हाई."

"चिकटवतो की. मामा, डिंक आणा."

"आता काहून तकलीफ घेता? राहू द्या."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, नारळ पिशवीत टाकला आणि सायकल काढून निघून गेले. वर्गणी मी जमवली होती, म्हणून पाकीट माझ्याकडे राहिलं.

गावात तेव्हा एकच चर्चा होती. राठोड बाईंची नोकरी घालवायला बडेबाबूंनी किती घेतले? चहाच्या टपरीवर पन्नास हजार म्हणायचे. बाजारात लाख म्हणायचे. मी गणिताचा शिक्षक आहे. जो आकडा मी स्वतः मांडून पाहिला नाही तो मी खरा धरत नाही. बडेबाबूंच्या नावावर गेलेला एकच पैसा माझ्या हातातून गेला, त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. तो द्यायचा तर आधी माणूस सांगावा लागेल.

कुलूप हा त्यांचा धर्म होता. ऑफिसच्या फोनच्या डायलला कुलूप, खडूच्या पेटीला कुलूप, पाण्याच्या माठावरच्या झाकणालाही त्यांनी एकदा साखळी लावली होती. मुलांनी आरडाओरडा केला तेव्हा काढली. सायकलीला दोन कुलपं, एक चाकाला आणि एक निंबाच्या झाडाला. जेवणाच्या डब्याला बोटाच्या पेराएवढं पितळी कुलूप होतं. एकदा मी विचारलं, "बडेबाबू, भाकरी कोण चोरणार?"

"चोरायचं न्हाई हो सर. कुणी आणखी एक ठिवली तर? माझ्या डब्यात माझ्या घरची भाकर असली पाहिजे. कमी न्हाई अन् जास्त बी न्हाई."

यात त्यांचा सगळा स्वभाव आला. त्यांना चोरीची भीती कमी होती. भीती होती ती भर पडण्याची. कागदावर कुठेही रिकामी जागा दिसली की त्यांचा जीव खालीवर होई. पानाच्या शेवटी मजकूर संपला की तिथून खालच्या कोपऱ्यापर्यंत ते पट्टीने तिरपी रेघ मारत. आकड्याच्या आधी रेघ, नंतर रेघ, मग अक्षरी, मग 'फक्त'. फळ्यावर मुलांनी सुविचार लिहिला की त्याच्याखालीही खडूने रेघ मारून येत, म्हणजे कुणी वाह्यात पोरगं पुढं काही जोडायला नको. मराठीचे सर वैतागायचे. म्हणायचे, "बडेबाबू, सुविचार रद्द केल्यासारखा दिसतो."

"दिसू द्या. सुरक्षित तर हाय."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस वाईट नसतो सर. कोरी जागा वाईट असती." दुसरं वाक्य किल्लीबद्दल. "दोघांपाशी असलेली किल्ली म्हणजे गावची चावडी." आणि तिसरं, जे तेव्हा आम्ही हसून सोडून दिलं : "कुलूप लावलं की आत काय हाय ते परत बघायचं नसतं. परत बघितलं म्हणजे कुलपावर भरोसा न्हाई."

मी स्वतः कोणतीही बेरीज वरून खाली केली की खालून वर करतो. म्हणून हे तिसरं वाक्य मला कधीच पटलं नाही. तसं मी त्यांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "तुमी गणितवाले. तुमाला आकड्यावरच भरोसा न्हाई."

हे वेड त्यांना कुठून लागलं ते शिपाईमामांनी सांगितलं. आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. बडेबाबू दप्तर घेऊन परभणीला तपासणीला गेले. एका शिक्षकाच्या रजेच्या पानावर एक दिवसाची रजा होती, तिच्या आधी कुणीतरी आणखी एक काडी ओढून अकरा दिवस केले होते. शाईसुद्धा वेगळी होती. तपासणाऱ्या साहेबांनी चारचौघांत विचारलं, "बाबू, हे दप्तर आहे का धर्मशाळा? येईल त्यानं मुक्काम करावा?" मामा सोबत होते. परतीच्या एसटीत बडेबाबूंनी वसमतपर्यंत दप्तराची गाठ तीनदा सोडून बांधली. मग म्हणाले, "मामा, कागद बेइमान हाय. कुणाच्या बी हाताखाली निजतो."

त्या दिवसापासून त्यांचा कागदावरचा विश्वास उडाला. आणि हीच गोष्ट पुढे त्यांना भोवली.

२००१ साली शाळेला कॉम्प्युटर मिळाला. त्याच्यासाठी प्रयोगशाळेतली एक खोली रिकामी केली, खिडकीला पडदा लावला, चपला बाहेर काढायच्या अशी पाटी लावली. वीज असेल तेव्हाच तो चालायचा. आम्ही सगळे पंचावन्न वर्षांच्या बडेबाबूंकडे पाहून हसलो, पण महिन्याभरात पगारबिलं कॉम्प्युटरवर करायला शिकले ते तेच. रांगा आणि रकाने हे त्यांच्या आवडीचं काम. रकान्यात आकडा टाकला की खालची बेरीज आपोआप बदलते, हे पाहून ते लहान लेकरासारखे हसले होते. त्यांना मी त्याआधी आणि त्यानंतर तसं हसताना पाहिलेलं नाही.

त्यांना शिकवत होते आमचे भाचेसाहेब. म्हणजे सेक्रेटरीसाहेबांचे भाचे. शाळेत विज्ञान शिकवायचे, नांदेडहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेले, हसतमुख, हुशार, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. मी तेव्हा तिथेच बसून परीक्षेचं वेळापत्रक करत होतो. भाचेसाहेबांनी दाखवलं की तक्त्याला पासवर्ड घालता येतो. घातला की दुसऱ्या कुणाला एक अंकही बदलता येत नाही. बदलायला गेलं तर मशीनच नाही म्हणतं.

बडेबाबू खुर्चीत सरळ झाले. "खाडाखोड?"

"होत नाही."

"काडी वाढवली तर?"

"वाढतच नाही बडेबाबू. काडी कुठून आणता इथं!"

"मंग भाचेसाहेब, तोंड तिकडं भिंतीकडं करा."

भाचेसाहेब हसत उठले आणि शिक्षा झालेल्या मुलासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही वळलो. त्यांनी खिशातली दस्ती काढली, हातांवर पसरली आणि त्या रुमालाखाली बोटांनी एकेक बटण शोधत पासवर्ड टाकला. दोनदा टाकावा लागतो, दोनदा टाकला.

भिंतीकडे पाहतच भाचेसाहेब म्हणाले, "एक लक्षात ठेवा हां बडेबाबू. हे कुलूप बघणाऱ्याला अडवत नाही. फक्त हात लावणाऱ्याला अडवतं."

"बघू द्या की. बघून काय व्हतंय?"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

पहिलं कुलूप त्यांनी घातलं ते सेवाज्येष्ठता यादीला. ज्यांना शाळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिक्षक ज्या तारखेला रुजू झाला त्या क्रमाने त्याचा नंबर लागतो. पटसंख्या घटली आणि एक तुकडी बंद झाली की यादीतला शेवटचा माणूस अतिरिक्त ठरतो. त्याने घरी बसायचं आणि दुसऱ्या शाळेतून बोलावणं येण्याची वाट पाहायची. तोवर पगार नाही. काहींना बोलावणं येतं, काहींना येत नाही. म्हणून त्या यादीतला खालचा नंबर म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहण्यासारखं.

आमच्या यादीत चोवीस नावं होती. तेवीस नंबरला राठोड बाई, रुजू १५ जून १९९८. चोवीस नंबरला भाचेसाहेब, रुजू १ जुलै १९९८.

राठोड बाई साखरा गावापलीकडच्या एका तांड्यावरच्या. त्यांच्या तांड्यात बी.एड. झालेल्या त्या पहिल्या. रुजू झाल्या त्या दिवशी वडील सोबत आले होते. ते दाराबाहेरच चपला काढून उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. बडेबाबूंनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. बाईंची नोंद केली, नेहमीप्रमाणे खाली तिरपी रेघ मारली आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "पोरीचा नंबर तेवीस. म्या लिवला हाय. आता ब्रह्मदेव आला तरी हलत न्हाई." म्हाताऱ्याला नंबर म्हणजे काय ते कळलं नसावं. पण त्याने हात जोडले.

यादी कॉम्प्युटरवर गेल्यावर बडेबाबूंनी दोन गोष्टी केल्या. एक, जुन्या कागदी याद्या आणि जुनी हजेरीपत्रकं मुख्याध्यापकांच्या सहीने रद्दीत काढली. मुख्याध्यापक म्हणाले, "असू द्या की एका कोपऱ्यात." हे म्हणाले, "कोपऱ्यात कागद असला की कोपऱ्यात हात जातो." दोन, यादी छापणंच बंद केलं. छापली की ती टेबलावर पडणार, टेबलावर पडली की कुणी पांढरी शाई लावणार. पण दरवर्षी यादी शिक्षकांना दाखवून सही घेण्याची पद्धत आहे. त्यावर त्यांनी स्वतःची तोड काढली. एप्रिलमध्ये एकेकाला आत बोलवायचं, कॉम्प्युटरवर त्याची ओळ दाखवायची आणि एका रजिस्टरमध्ये सही घ्यायची. रजिस्टरमध्ये मजकूर एवढाच : 'संगणकावर पाहिले, बराबर आहे.' खाली नाव, सही, तारीख. मग तिरपी रेघ.

इंग्रजीचे सर आतून बाहेर येताना म्हणायचे, "दर्शन झालं. बडेबाबू, प्रसाद?"

"सही झाली न्हवं? निघा."

आम्ही चोवीस जणांनी दोन वर्षं तशा सह्या केल्या. काय पाहिलं ते त्या रजिस्टरमध्ये कुठेच नव्हतं, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. इतक्या रेघा मारणाऱ्या माणसाने सगळ्यात मोठी कोरी जागा तिथे सोडली होती.

२००४ च्या मार्चमध्ये पटसंख्येची पत्रं आली. एक तुकडी जाणार हे ठरलं. त्याच सुमारास एका दुपारी मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो, तर बडेबाबू चपला घालून आत बसलेले. हातांवर दस्ती, पंखा बंद, कपाळावर घाम. यादीवर नवं साल टाकायला बटणं दाबत होते आणि मशीन प्रत्येक वेळी नाही म्हणत होतं. पासवर्ड चुकीचा आहे.

मला पाहून त्यांनी दस्ती उचलली नाही. म्हणाले, "सर, माणूस स्वतःचं नाव विसरू शकतो का?"

"काय झालं?"

"काही न्हाई."

त्यांना वाटलं, आपण पासवर्ड विसरलो. दुसरी शंका त्यांच्या मनात आलीच नाही. ज्या कुलपाची किल्ली जगात एकट्याकडे आहे ते उघडत नसेल, तर चूक त्या एकट्याचीच असणार. ते नांदेडला डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली. शाळेत आले की कॉम्प्युटरसमोर बसत आणि दस्तीखाली बोटं चालवत. मामा म्हणाले, "बडेबाबू जप करून राहिले." यादी समोर पडद्यावर उघडी होती. बघायला काहीच अडत नव्हतं. पण ते वाचत नव्हते, फक्त उघडायला बघत होते. चोविसाव्या ओळीपर्यंत त्यांनी नजर नेली असती, तर तिथेच सगळं दिसलं असतं. कुलूप लावल्यावर आत परत बघायचं नसतं, हे त्यांनी स्वतःला इतकं शिकवलं होतं.

एप्रिलच्या शेवटी अतिरिक्त कोण ठरतं त्याच्या चौकशीसाठी शिक्षण खात्याचे साहेब आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले. शेजारी सेक्रेटरीसाहेब, समोर बडेबाबू, राठोड बाई, भाचेसाहेब आणि शिक्षकांच्या वतीने मी. यादी पाहायला सगळे कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. साहेबांनी चपला काढल्या नाहीत, म्हणून कुणीच काढल्या नाहीत.

यादी उघडली. तेवीस नंबरला भाचेसाहेब, रुजू ८ जून १९९८. चोवीस नंबरला राठोड बाई, रुजू १५ जून १९९८.

बाईंनी पडद्यावर आपल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "साहेब, माझा नंबर तेवीस आहे."

"इथं चोवीस दिसतोय."

"बाबूजी, सांगा ना. माझा तेवीस आहे ना?"

बडेबाबू पडद्याला नाक लागेल इतके पुढे झुकले होते. म्हणाले, "व्हय. बाईंचा तेवीस. हे न्हाई. हे म्या लिवलेलं न्हाई."

सेक्रेटरीसाहेबांनी फाइलीतून भाच्याचा नेमणूक आदेश काढून ठेवला. जून १९९८ च्या पहिल्या आठवड्यातला, त्यांच्याच सहीचा. दोघांची मान्यता एकाच पत्राने आली होती आणि त्या पत्रात रुजू तारखा नव्हत्या. साहेबांनी त्या वर्षाचं हजेरीपत्रक मागितलं. ते रद्दीत गेलं होतं. जुनी छापील यादी मागितली. तीही नव्हती.

"मग तुम्ही सह्या कशावर घेत होता?"

बडेबाबूंनी रजिस्टर दिलं. साहेबांनी पान उलटलं आणि वाचून दाखवलं. राठोड बाईंची सही, एप्रिल २००३. संगणकावर पाहिले, बराबर आहे.

"बाई, सही तुमची?"

"माझी आहे. पण तेव्हा तेवीस होता."

"इथं तसं लिहिलेलं नाही."

मी म्हणालो, "साहेब, मीही पाहिलं आहे. बाई तेवीस नंबरला होत्या. मला आठवतं."

साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "सर, आठवण दप्तरी लागत नाही." मग बडेबाबूंकडे वळले. "या फाइलीला कुलूप आहे?"

"हाय."

"किल्ली कुणाकडे?"

इथे बडेबाबू म्हणू शकले असते की अनेकांना ठाऊक आहे. म्हणू शकले असते की कागदावर लिहून ठेवली होती, कुणी पाहिली असेल. एवढ्याने फाइल संशयात आली असती आणि बाई कदाचित वाचल्या असत्या. पण ते खरं नव्हतं.

"माझ्यापाशी," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणापाशी न्हाई."

"उघडा."

त्यांनी खिशात हात घातला, दस्ती काढली, मग परत खिशात ठेवली आणि आमच्या सगळ्यांसमोर उघड्या हातांनी पासवर्ड टाकला. मी मान वळवली. सवय होती. मशीन नाही म्हणालं.

सेक्रेटरीसाहेब पहिल्यांदाच बोलले. "कुलूप तुमचं, किल्ली तुमची. मग आत हात काय आमचा गेला?"

बडेबाबूंना एकदम काहीतरी आठवलं. ते जवळजवळ धावत ऑफिसात गेले आणि लोखंडी कपाटातून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत फ्लॉपी होती. यादीची नक्कल, त्यांनी पहिल्याच वर्षी काढून ठेवलेली. डब्याचं झाकण घट्ट बसावं म्हणून त्याला आतून जुन्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक त्यांनी स्वतः बसवलं होतं. झाकण उघडताना खट्कन आवाज झाला. भाचेसाहेबांनी त्या चुंबकाकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. फ्लॉपी मशीनमध्ये घातली. मशीन थोडा वेळ घरघरलं आणि त्याने विचारलं की ही डिस्क कोरी आहे, वापरायला तयार करायची का?

कोरी. तो शब्द साहेबांनी मोठ्याने वाचला.

कागदपत्रांनुसार जे निघालं ते साहेबांनी लिहून घेतलं. राठोड बाई अतिरिक्त. बाहेर व्हरांड्यात बडेबाबू बाईंच्या मागे गेले. "बाई," एवढंच म्हणाले. बाई वळल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "बाबूजी, किती घेतले?"

खिडकीत सातवीची मुलं उभी होती. व्हरांड्यात मामा, मी, इंग्रजीचे सर. बडेबाबूंनी उत्तर दिलं नाही. त्यांच्याकडे उत्तर असायला हवं होतं, निदान नाही एवढा शब्द. पण ते बाईंकडे असे पाहत राहिले की जणू तो आकडा आपण विसरलो आहोत आणि आता आठवायला हवा. त्या गप्प राहण्यानेच गावात पन्नास हजाराचा आणि लाखाचा आकडा तयार झाला.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या घरी तीन-चारदा गेलो. पेन्शनचे कागद अडले होते. पहिल्यांदा गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि घरात कुणी नव्हतं. अंगणात सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही कुलपं नाहीत. पुढच्या खेपेला सायकलच नव्हती.

"गेली कुणीतरी घेऊन," त्यांची बायको म्हणाली. "मी म्हनलं, शोधा तरी. म्हनले, ज्यानं नेली त्याला कामाची आसंल."

पेन्शनचे अर्ज मी पुढे केले. बडेबाबूंनी पेन घेतलं आणि सगळ्या कागदांवर खाली सह्या केल्या. एकही ओळ वाचली नाही. रकाने सगळे कोरे होते.

"अहो बडेबाबू, आधी भरू तर द्या."

"तुमी भरा. काय भरायचं ते भरा."

मी घरी जाऊन ते अर्ज भरले. प्रत्येक पानाच्या शेवटी जागा उरली. मी पट्टी घेतली आणि तिरपी रेघ मारली. माझ्या हातून पहिल्यांदाच.

२००७ च्या थंडीत ते गेले. दुखणं मोठं नव्हतं. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी मुलीला कॉम्प्युटर घ्यायला मी नांदेडला गेलो. दुकानदार तरुण होता, बोलका. मी त्याला सहज विचारलं, की अशा तक्त्याला पासवर्ड असेल आणि तो ठाऊक नसेल तर? तो म्हणाला, फाइल आहे का? फाइल होती. बडेबाबूंनंतर पगारबिलांचं काम माझ्याकडे आलं, त्यासोबत त्या यादीची एक नक्कलही आली होती, कुलूपबंद; ती खिशातल्या पेनड्राइव्हवर होती. त्याने ती घेतली, इंटरनेटवरून उतरवून ठेवलेलं काहीतरी चालवलं आणि माझ्या हातातला चहा संपायच्या आत म्हणाला, "घ्या. उघडली."

"एवढ्यात?"

"काका, हे कुलूप नसतं. चुकून हात लागू नये म्हणून लावलेली कडी आहे ती. आणि तोडायची तरी काय गरज? बघता येतंय ना?" त्याने मला करून दाखवलं. सगळा तक्ता निवडला, उचलला, नव्या कोऱ्या फाइलीत ठेवला. तिथे कुलूप नव्हतं. एक तारीख बदलली. स्वतःचा पासवर्ड घातला. जुनं नाव दिलं, जुनी फाइल पुसली. "झालं. आता जुना मालक आपली किल्ली घालत बसेल जन्मभर."

मी खुर्चीत बसून राहिलो. त्याने पाणी आणून दिलं. जाता जाता मी चुंबकाबद्दलही विचारलं. "चुंबकाला फ्लॉपी? सगळं पुसलं जातं की," म्हणाला आणि त्याने हात जोडले.

आमच्या शाळेत हे कुणी केलं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. कसं करता येतं ते पाहिलं, तेवढं लिहिलं. बडेबाबू विसरले नव्हते. ज्या कुलपाला ते महिनाभर किल्ली घालत होते ते कुलूपच त्यांचं नव्हतं.

हे दोन ठिकाणी सांगणं भाग होतं. आधी तांड्यावर गेलो. राठोड बाईंना बोलावणं आलंच नव्हतं. घराच्या पडवीत पिठाची गिरणी टाकली होती, तीच चालवत होत्या. हातांना, केसांना पीठ लागलेलं. गिरणी बंद करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे बाबूजींनी काहीच घेतलं नव्हतं."

"नाही."

"मला तेव्हाच माहीत होतं सर." त्यांनी पदराने हात पुसले. "पण सेक्रेटरीसाहेबांना विचारायची हिंमत नव्हती. ज्यांना विचारता येत होतं त्यांना विचारलं."

मी म्हणालो, आता अर्ज करता येईल. मी साक्ष देतो. बाई म्हणाल्या, "कशावर करू? रजिस्टरमध्ये सही माझीच आहे." गिऱ्हाईक आलं होतं. त्यांनी गिरणी सुरू केली.

मग बडेबाबूंच्या घरी. त्यांच्या बायकोला मी दुकानातलं सगळं सांगितलं, जमेल तसं. पासवर्ड, नक्कल, दुसरं कुलूप. तिला किती कळलं ठाऊक नाही. तिने एकच विचारलं, "म्हंजी त्याहींना याद व्हतं?"

"पक्कं याद होतं."

"रातरात बसून बोटं मोजायचे वो. म्हनायचे, माझं डोस्कं गेलं. मी म्हनायचे, मला सांगा, मी याद ठिवते. सांगितलं न्हाई. तुमाला म्हाईत हाय का काय व्हतं ते?"

"नाही."

"मला बी न्हाई."

मी पाकीट काढलं. चार वर्षं ते माझ्या कपाटात होतं. नोटा त्याच होत्या, मामांचं नाणं तेच होतं. मी तिच्यासमोर मोजले आणि पाकीट पुढे केलं. तिने हात मागे घेतला. मला वाटलं, तीही घेणार नाही. ती आत गेली आणि वाटीत उरलेला भात घेऊन आली. म्हणाली, "चिकटवून द्या. उघडं त्याहींना चालत न्हवतं."

मी बोटाने भात लावला, कडा दाबून धरली आणि सुकेपर्यंत तसाच बसलो.

हिशेब असा. नांदेडच्या दुकानदाराला कुलूप उघडण्याचे पन्नास रुपये, माझ्या खिशातून. बडेबाबूंच्या बायकोला, बंद पाकिटात, सहाशे एक रुपये फक्त. बडेबाबूंना, काही नाही.